रुग्णाचे गुपित, कंपनीचा दंड आणि रुग्णाच्या हाती काय?

या सदरात आपण नेहमी रोग, पथ्य आणि औषध यांविषयी बोलतो. आजचा विषय वरवर पाहता वैद्यकीय वाटणार नाही. सरकारने इंटरनेटवरील कंपन्यांना शिस्त लावण्यासाठी कायदा केला आहे, आपली खासगी माहिती सांभाळली नाही तर कोट्यवधी रुपयांचा दंड होणार आहे, अशा बातम्या आपण वाचल्या असतील. त्यात डॉक्टरने काय बोलायचे, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु अलीकडे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही रुग्णांच्या त्रासाचे मूळ जंतूत नाही, साखरेतही नाही. त्यांची माहिती भलत्याच्या हाती गेली, यात ते आहे. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे, असे मला वाटते.

प्रथम एक उदाहरण सांगतो. रुग्णाच्या संमतीने सांगतो आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आपल्याच तालुक्यातील एक शेतकरी, वय पंचावन्नच्या आसपास, आठ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या नियमित, साखर आटोक्यात. त्यांच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने मोबाईलवरून एका कंपनीची रक्ततपासणी ठरवून दिली. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, रिपोर्ट मोबाईलवर आला. सोय झाली, यात शंका नाही. मात्र आठवडाभरातच त्यांना फोन सुरू झाले. फोनवरची बाई गोड बोलणारी होती. तिने त्यांचे नाव, वय आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा बिनचूक सांगितला आणि ‘गोळ्या बंद करा, आमची भुकटी सुरू करा’ असा सल्ला दिला. त्यांनी तीन हजार रुपयांची भुकटी मागवली आणि गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा साखर चारशेच्या वर गेली होती, पायाची जखम चिघळली होती. यवतमाळला पाठवावे लागले आणि पायाचे एक बोट काढावे लागले.

मी त्यांना विचारले, ‘काका, अनोळखी बाईच्या फोनवर विश्वास कसा ठेवलात?’ त्यांचे उत्तर मला विसरता येत नाही. ते म्हणाले, ‘साहेब, तिले माही शुगर ठाऊक होती. मंग मले वाटलं, तुमच्याच वळखीची असंन.’

वाचकहो, या एका वाक्यात सगळा विषय आला. आजाराची माहिती ही विश्वासाची किल्ली असते. ज्याला माझा आजार ठाऊक आहे तो माझा डॉक्टर किंवा माझा माणूस असणार, असेच साध्या माणसाला वाटते. ती किल्ली चोराच्या हाती गेली की तो दार फोडत नाही, उघडून आत येतो.

हे एकट्याचे दुखणे नाही

असे प्रकार तुरळक असतील असे समजू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये जर्मनीतील ग्रीनबोन या संस्थेचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा साठवणारे जगभरातील संगणक त्यांनी तपासले होते. त्यांपैकी अनेकांना साधा पासवर्डसुद्धा नव्हता. भारतातील लाखो रुग्णांची नावे, जन्मतारखा आणि प्रतिमा इंटरनेटवर कोणालाही पाहता येत होत्या आणि त्यांत सर्वांत वरचा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा होता. आपल्या राज्यातील तीन लाखांहून अधिक नोंदी अशा उघड्यावर होत्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याचे उघडकीस आले. आपल्याकडे तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती असल्याचा दावा ती पळवणाऱ्याने केला. नाव, पत्ता, फोन नंबर तर होतेच, पण लोकांनी विम्याच्या दाव्यासाठी दिलेले तपासण्यांचे रिपोर्टही त्यात होते. कंपनीला मद्रास उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. विम्याचा हप्ता भरणारा माणूस आपले ऑपरेशन, आपला कर्करोग, आपल्या पत्नीचे बाळंतपण हे सारे कागदावर लिहून देतो. न देऊन सांगतो कोणाला?

आपल्या भागापुरते बोलायचे तर सिकलसेलचे उदाहरण घ्या. आपल्या तालुक्यातील कोलाम, गोंड, परधान आणि इतर अनेक कुटुंबांत हा आजार आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. ही तपासणी अत्यंत आवश्यक आहे आणि प्रत्येकाने ती करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून लग्नापूर्वी ही माहिती त्या दोघांना हवीच. पण ‘वाहक’ म्हणजे आजारी नव्हे. धडधाकट मुलीच्या नावापुढचा हा शब्द तिच्या परवानगीशिवाय गावभर झाला तर तिचे लग्न मोडू शकते. एकीचे असे झाले की पुढच्या दहा मुली तपासणीला येणार नाहीत. क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांचेही तसेच आहे. गुपित फुटते तेथे रुग्ण आजार लपवतो, आणि लपवलेला आजार वाढतो, पसरतो. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने गुप्ततेचे महत्त्व येथे आहे.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांवर हे बंधन जुनेच आहे. व्यवसायात कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरने फोडू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच त्याला अपवाद. २०१२ पासून क्षयरोग्याची नोंद आम्ही सरकारला कळवतो, ती या अपवादाखाली. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात एकमताने सांगितले की, खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

प्रश्न राहिला तो कंपन्यांचा. त्यासाठी संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्या वेळच्या अधिसूचनेनुसार डेटा संरक्षण मंडळाची तरतूद लगेच लागू झाली आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. माहितीचे रक्षण करण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. माहिती फुटली तर कंपनीने ज्याची फुटली त्याला आणि मंडळाला कळवले पाहिजे. संमती घेताना कंपनीने द्यायची सूचना मराठीतही मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांना ही सोय आहे. गोंडी आणि कोलामी त्या अनुसूचीत नाहीत, ही उणीव आपल्या तालुक्याला जाणवेल.

या कायद्याचे मी स्वागत करतो. कारण साधे आहे. आपली माहिती कोणाकडून फुटली हे त्या शेतकऱ्याला कधीच सिद्ध करता येणार नाही. प्रयोगशाळेतून, रक्त नेणाऱ्याकडून की रिपोर्ट पाठवणाऱ्या कंपनीकडून? हे शोधायला कंपनीचे दप्तर मागवण्याचा अधिकार लागतो आणि तो सरकारकडेच असू शकतो. गावात गॅस्ट्रोची साथ आली की कोणत्या विहिरीचे पाणी दूषित आहे हे रुग्णाने शोधून काढावे, असे आपण म्हणत नाही. आरोग्य खाते पाण्याचे नमुने घेते, विहिरीत टीसीएल पावडर टाकते. कंपनीवरील कारवाई ही तशीच, विहिरीत टाकलेली टीसीएल आहे.

पण साथीत तेवढ्यावर भागते का? विहीर शुद्ध झाली म्हणून ओटीवर जुलाबाने निपचित पडलेला माणूस बरा होत नाही. त्याला सलाईन लावावी लागते. नव्या कायद्यात मला नेमकी ही सलाईन दिसत नाही.

दंडाचा पैसा कोणाचा?

मंडळाने केलेल्या दंडाची सगळी रक्कम केंद्र सरकारच्या तिजोरीत, म्हणजे भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार आहे. ज्याची माहिती फुटली, ज्याचे त्यामुळे नुकसान झाले, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडच्या शेतमजुराला एवढे वाक्य ऐकवले तरी तो तक्रारीच्या वाटेला जाणार नाही.

भरपाईची तरतूद आपल्याकडे नव्हतीच, असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम घालण्यात आले आणि ते ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी करणाऱ्या कंपनीने नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यावी, असे ते कलम सांगते. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीच्या यादीत शारीरिक व मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात.

आपल्या राज्यात याच कायद्याखाली लोकांना दाद मिळालेली आहे. २०१३ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातील एका उद्योजकाच्या खात्यातून फसवणुकीने ८० लाखांहून अधिक रक्कम गेल्याच्या प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फसव्या ई-मेलला उत्तर देण्याची चूक खातेदाराची होती, म्हणून नुकसानीचा काही वाटा त्याच्यावरही राहिला. पण बँकेची हयगय झाली तेवढी रक्कम बँकेने खातेदाराला द्यायची होती. ती दंड म्हणून सरकारच्या तिजोरीत जाणार नव्हती. न्याय म्हणतात तो हा.

नव्या कायद्याची मुख्य कलमे लागू होतील तेव्हा हे ४३-अ कलम रद्द होणार आहे. शिवाय नव्या कायद्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा वर्गच नाही. माझ्या एचआयव्हीचा रिपोर्ट आणि माझ्या चपलेचे माप, दोन्ही कायद्याच्या लेखी सारखीच ‘वैयक्तिक माहिती’. ही घसरण आहे, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

मोठ्या दंडाने कंपन्या वठणीवर येतील, मग भरपाईची गरज काय, असा एक युक्तिवाद केला जातो. मोठा दंड आपण पाहिलेला आहे. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअॅपच्या २०२१ च्या धोरणावरून मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. ‘अटी मान्य करा, नाहीतर वापर सोडा’ असे ते धोरण होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला, परंतु जाहिरातीसाठी माहिती वाटून घेण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी काढून टाकली. आयोगाने काम केले, याचे कौतुक आहे. पण ज्यांच्या माहितीवरून हे सारे घडले त्या तुम्हा-आम्हा वापरणाऱ्यांच्या वाट्याला त्या दंडातून काही आले नाही.

याउलट अमेरिकेतील एक प्रकरण पाहा. मानसिक आजारावर मोबाईलवरून सल्ला देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने रुग्णांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तिच्याकडून ७८ लाख डॉलर वसूल केले. हे पैसे ग्राहकांना परत देण्यासाठीच होते आणि २०२४ मध्ये त्यांचे वाटप सुरू झाले. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम लहान होती. पण ‘नुकसान तुमचे झाले, म्हणून पैसा तुमचा’ हे तत्त्व तेथे पाळले गेले. आपल्याकडे ते का पाळता येऊ नये?

भरपाई ठेवली तर दाव्यांचा पाऊस पडेल आणि छोट्या प्रयोगशाळा, दवाखाने बंद पडतील, अशी भीती काही व्यवसायबंधू व्यक्त करतात. मी स्वतः छोटा दवाखाना चालवतो, त्यामुळे ही भीती मला परकी नाही. पण ४३-अ कलम आल्याला दीड दशक उलटून गेले आहे. त्या काळात किती प्रयोगशाळा त्यामुळे बंद पडल्या? एकही माझ्या पाहण्यात नाही. हयगय सिद्ध झाली तरच भरपाई, आणि ती नुकसानीच्या प्रमाणात, एवढी शिस्त असली की प्रामाणिक माणसाला भिण्याचे कारण नाही. ऑपरेशनची सुरी उकळल्याशिवाय वापरू नये हे बंधन आम्ही मानतो, मग रिपोर्टची फाईल कुलूप लावल्याशिवाय ठेवू नये हे मानायला काय हरकत आहे? रुग्णाचा एक्स-रे नावासकट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकण्याची सवय आमच्या व्यवसायातही शिरली आहे. ती सुटली पाहिजे.

माझी सरकारकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. आरोग्याच्या माहितीला कायद्यात पुन्हा वेगळे आणि वरचे स्थान द्यावे. आणि दंडाच्या रकमेतला ठरावीक वाटा, ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी राखून ठेवावा. दुरुस्ती करायला अद्याप उशीर झालेला नाही.

तोपर्यंत आपण काय करावे?

१. घरबसल्या तपासणी करून घ्यायला हरकत नाही, परंतु मोबाईलवर ‘मान्य’ दाबण्यापूर्वी कंपनी कोणकोणत्या परवानग्या मागते ते पाहा. रक्ततपासणीला तुमच्या मोबाईलमधील सगळ्यांचे नंबर कशाला लागतात? नको असलेली परवानगी नाकारा.

२. तुमचा आजार ठाऊक असलेला प्रत्येक जण डॉक्टर नसतो. फोनवरून कोणी औषध बंद करायला किंवा नवे घ्यायला सांगितले तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. मधुमेह, रक्तदाब, फिट्स आणि क्षय यांची औषधे अचानक सोडणे जिवावर बेतते.

३. असा फोन आल्यास तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलणे झाले ते वहीत लिहून ठेवा. पावती आणि मेसेज जपून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

४. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. नव्या नियमांनुसार कंपनीला तक्रारीचे निवारण नव्वद दिवसांच्या आत करावे लागणार आहे. ते झाले नाही तर मंडळाकडे इंटरनेटवरून तक्रार करता येईल, दिल्लीला जावे लागणार नाही.

५. ही वाट पुष्कळांना ठाऊक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे यवतमाळला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि भरपाईही मागता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. नवा डेटा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे असे त्यातच म्हटले आहे, म्हणून ही वाट विसरू नका. मार्गदर्शनासाठी १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे.

त्या शेतकरीकाकांची जखम आता भरून आली आहे. ते पुन्हा शेतात जातात, गोळ्याही वेळेवर घेतात. मात्र घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना त्यांनी दार बंद केले आहे आणि दवाखान्यात तपासणी सांगितली तरी ‘रिपोर्ट कोणाकडं जाईन?’ असे आधी विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक रुग्णाने तो विचारावा, आणि आम्ही डॉक्टरांनी व कंपन्यांनी त्याचे सरळ उत्तर द्यावे.